कोकराच्या पाठीवरचं मीठ

कथावाचनाचा कार्यक्रम संपला की कुणीतरी हमखास उठतं आणि विचारतं, "ताई, तुमच्या गोष्टींवर बालपणाचा परिणाम किती?" मला या प्रश्नाचा भयंकर राग यायचा. वाटायचं, ह्यांना माझ्याकडून एक नदी हवी, एक आंब्याचं झाड हवं, डोक्यावरून फिरलेला एक हात हवा. मी तोडून बोलायचे. म्हणायचे, माझ्या गोष्टी अन्यायातून येतात; बालपण ज्यांना परवडलं त्यांनी त्यावर लिहावं. टाळ्या पडायच्या. विचारणारा बिचारा खाली बसायचा. पत्रकं लिहून लिहून माझा हात असाच झालाय, दोन ओळींत आरोप आणि तिसऱ्या ओळीत मागणी. असल्या हातानं मी आत्मकथन लिहायला बसले आहे, तेही अजून चाळिशी न गाठता, म्हणजे हसणारे हसणारच. हसू द्या. हे प्रकरण मला आत्ताच लिहायचंय, कारण यात खरं काय ते मला कळत नाही, आणि जिला विचारावं ती माझी माय अजून आहे. विचारल्यावर ती सांगते की नाही, हा वेगळा भाग.

आम्ही मेंढरंवाले. तलवाड्याच्या बाहेर, गायरानाच्या कडेला आमचं घर होतं. घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि खोलीच्या कितीतरी पट मोठं, काटेरी कुंपण घातलेलं अंगण. खोली माणसांची आणि अंगण मेंढरांचं, असं म्हणायची रीत होती. खरं तर थंडीत नुकती जन्मलेली कोकरं खोलीत असायची आणि आम्ही अंगणात. दिवाळी झाली की बा मोठा कळप घेऊन फिरतीवर जायचा. शेतकरी बोलवायचे, रिकाम्या रानात मेंढरं बसवायचे, त्यांच्या लेंड्यांनी रान खतवायचं आणि बदल्यात ज्वारी मिळायची. व्यालेल्या मेंढ्या आणि त्यांची पिल्लं एवढं चालू शकत नाहीत, आणि माझी शाळा होती. म्हणून मी, माय आणि त्या बाळंतिणी मागं राहायचो. माझं सगळं लहानपण बाळंतिणींच्या सोबतीत गेलं म्हटलं तरी चालेल.

मेंढरं माणसासारखी खोकतात, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला खोटं वाटेल. पाहुणे आले की दचकून विचारायचे, भाईर कोण आजारी हाय? माय भाकरी थापता थापता म्हणायची, "सासू हाय माझी, बसू द्या तिला." बाजरीच्या भाकरीचा तव्यावर पडताना होणारा आवाज, रवंथाची करकर, आणि मायची चंची उघडायची दोरी. या तीन आवाजांवर मी अजून झोपू शकते. खायला हुलग्याचं माडगं, ठेचा, कधी नुकत्या व्यालेल्या मेंढीच्या चिकाचा खरवस, जो मी गूळ न घालता खायचे. चंचीत इतर बायका पान-सुपारी ठेवतात. मायच्या चंचीत खडेमीठ असायचं. सपाट दगडांवर ती ते पसरायची आणि अख्खं अंगण धावत यायचं. दगड गुळगुळीत होईपर्यंत मेंढरं चाटत राहायची, मीठ संपलं तरी चाटायची. "मीठ म्हणलं की येडी व्हत्यात," माय सांगायची, "आईला इसरतील पर मिठाला न्हाई."

आमची सगळी मेंढरं काळी. एकीच्या कपाळावर तेवढा पांढरा ठिपका होता, म्हणून ती चांदी. मी जिभेनं टक् टक् केलं की ती कुठूनही यायची, शाळेच्या रस्त्यापर्यंत सुद्धा. त्या वर्षी ती पहिल्यांदा व्याली. कोकरू जेमतेम उड्या मारायला लागलं होतं, आणि एका संध्याकाळी बापूंच्या उसाच्या कडेनं मेंढ्या परत आल्या त्यात चांदी नव्हती. माय उसात शिरली, ओढ्याला जाऊन आली, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. कोकरू अंगणात ओरडत होतं. मी शेळीच्या दुधात कापडाची वात भिजवून त्याच्या तोंडात धरायचे, ते वात चोखायचं आणि पुन्हा ओरडायचं. ते ओरडणं मी विसरले असं मला वाटत होतं.

काही दिवसांनी माय आठवडी बाजारातून आली ती टोपली न उतरवताच म्हणाली, "उशे, कोकरू घे." बापूंच्या कळपात तिला कपाळावर पांढरं असलेली काळी मेंढी दिसली होती, सड दुधानं तटतटलेले. बापू म्हणजे गावातले मोठे जमीनदार. सरपंच कुणी व्हायचं ते त्यांच्या ओसरीवर ठरायचं. त्यांनीही मेंढरं पाळली होती आणि ती राखायला दगडूमामा नावाचा गडी होता. दगडूमामाचं म्हणणं, आपल्याकडेही तसलीच एक मेंढी आहे, तिचं कोकरू लांडग्यानं नेलं, ही तीच. कानाची खूण बघावी तर कान काटेरी कुंपणात फाटलेला. आमच्यात प्रत्येक घराची कान कातरायची वेगळी तऱ्हा असते; त्या फाटलेल्या कानात आमचीही खूण दिसत होती आणि बापूंचीही.

पारावर माणसं जमली. माय पदर खोचून उभी, मी तिच्यामागं, कोकरू माझ्या कडेवर. बापू पारावर मांडी घालून बसलेले.

"कपाळावर पांढरं असलं म्हंजी तुमचीच व्हय बाई?" ते म्हणाले. "माझ्या बैलाच्या कपाळावर बी पांढरं हाय. त्यो बी न्या मग."

"बैलाच्या सडात दूध आसंल तर नेते की," माय म्हणाली.

माणसं हसली. बापूही हसले, पण त्यांना ते आवडलं नव्हतं. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "भांडू नका. कोकरू सोडा. मेंढी दुसरीचं पोर पाजत न्हाई. पाजलं तर बाईची, टक्कर मारली तर बापूंची." हा न्याय आमच्यातला जुना आहे, आणि बापूंनी तो मान्य केला. दगडूमामा मेंढी आणायला गेला. माय म्हणाली, "तवर कोकराला पाणी दाखवून आणते," आणि मला घेऊन विहिरीच्या मागं गेली.

मग पारासमोर मेंढी उभी. मी कोकरू खाली ठेवलं. कोकराच्या खुरांचाही आवाज ऐकू येत होता. मेंढीनं पाय आपटला. वाटलं आता टक्कर मारणार. मग तिनं नाक लावलं, पाठीला, शेपटीच्या बुडाला. चाटलं. पुन्हा चाटलं. चाटतच राहिली, आणि कोकरू खाली घुसलं, आणि त्याची शेपटी अशी हलायला लागली की बायका ओरडल्या. मायनं कमरेवरचे हात काढले नाहीत. बापू उठले, धोतर झटकलं, "घिऊन जा बाई," म्हणाले आणि निघून गेले. मी आयुष्यात पुढं कितीतरी मोर्चे पाहिले. कलेक्टर कचेरीसमोर घोषणा देऊन माझा घसा बसलाय. पण कुणीतरी मोठा माणूस हरला हे पाहण्याचा तो पहिला दिवस, आणि खरं सांगायचं तर अजून तरी शेवटचाच.

चांदी घरी आली. पण मी टक् टक् केलं तर ती आली नाही. मी रोज करायचे. ती मान वर करायची, माझ्याकडं बघायची आणि पुन्हा चघळत बसायची. मी रडले तेव्हा माय म्हणाली, "रुसलीय ती. येईल हळूहळू." माय स्वतः तिला नाव घेऊन बोलवायची नाही. "ही" म्हणायची. हिला पाणी दाव, हिला बांध. आणि कोकरू चरायला लागल्यावर पहिल्याच बाजाराला मायनं तिला विकून टाकलं. का, तर दूध कमी देते. मी त्या दिवशी जेवले नाही. बापूंनी पुढं आमची मेंढरं आपल्या रानात कधी बसवली नाहीत, आणि त्यांच्या शब्दातल्या इतरांनीही नाही. बाला लांब जावं लागायचं, परळीच्या बाजूला. तिकडून कळप यायचा तो राखेनं करडा होऊन. पाठीवर थाप मारली की वीज केंद्राची राख उडायची. बा म्हणायचा, "मेंढरं म्हातारी झाली बघ येका सालात." एका मेंढीपायी एवढं झालं, असं तो कधी म्हणाला नाही. पण त्याला थोडं बाजूला बसून जेवायची सवय लागली.

पुढं मी बीडला शिकायला गेले, वसतिगृहात राहिले, आणि तिथं मला पत्रकं लिहायचा नाद लागला. पत्रक लिहिणं सोपं असतं. त्यात दोनच बाजू असतात आणि आपण कुठल्या बाजूला ते पहिल्या ओळीत ठरलेलं असतं. मग कधीतरी एक गोष्ट लिहिली, ती दिवाळी अंकात आली, मग आणखी आल्या. त्यांत एक श्रीमंत माणूस असायचा, त्याचा एक लाचार गडी असायचा, आणि एक बाई असायची जी हरत नाही. पारावरचा तो दिवस मी किती वेगवेगळ्या कपड्यांत लिहिला असेल, माझं मलाच आठवत नाही. कधी मेंढीच्या जागी जमीन होती, कधी पोरगी, कधी मतदान.

कलीम आमच्या पथनाट्याच्या गटात हलगी वाजवतो. बीडचाच. मला "बे" म्हणतो, कारण गटात मी एकटीच बाई आहे हे त्याला आठवत नाही, आणि मला ते बरं वाटतं. बसस्थानकामागं एका कोचिंग क्लासच्या वर आम्ही तालमीला जमायचो. एकदा चहा पिता पिता माझ्या गोष्टींची कात्रणं चाळत तो म्हणाला, "तेरी हर गोष्टीत कुणीतरी मीठ चाटतंय बे. देखा क्या?"

"घामाचं मीठ आहे ते," मी म्हणाले. "कष्टाचं प्रतीक."

"घाम समजला. पर ही पोरगी शाळेत बसून हात चाटती, ती काय खडी फोडून आली?" त्यानं दुसरं पान काढलं. "आणि हा बघ. जो कुणी घरी परत येतो, त्यो कुणाला वळखतच न्हाई. तुझ्या गोष्टीत लोक घरी कशाला येतात बे?"

मी त्याला कायतरी भारी उत्तर दिलं. शोषण, परात्मता, असलं काहीतरी. पण त्या दिवशी घरी जाऊन मी माझ्याच गोष्टी उघडल्या, आणि मीठ खरंच सगळीकडं होतं. मोलकरणीच्या गोष्टीत, संपाच्या गोष्टीत, अगदी त्या एका प्रेमाच्या गोष्टीत, जी मी कुणाला सांगत नाही. कुणीतरी कुठंतरी तळहात चाटत होतं. मी ते ठरवून लिहिलं नव्हतं. मी चिडले. मला वाटत होतं माझ्या गोष्टी मी लिहिते.

त्याच सुमारास गायरानाचं प्रकरण पेटलं. बापूंनी गायरानाच्या मोठ्या तुकड्याला तार मारली. त्यांच्या माणसांचं म्हणणं साधं होतं: मेंढरंवाले चोर आहेत, त्यांना मोकळं सोडलं तर आमची पिकं राहत नाहीत. ती तार काढायचा ठराव ग्रामसभेत यायचा होता. त्याआधी तलवाड्याच्या पारावर आम्ही पथनाट्य करायचं ठरलं, आणि विषय ठरवायची गरजच नव्हती. मेंढीची गोष्ट. मायची भूमिका मी करणार, मेंढी कलीम, कोकरू म्हणजे घोंगडीची गुंडाळी. मी दोन दिवस आधी घरी गेले. ठराव पडला तर मायच्या उरलेल्या मेंढरांना चरायला जागा नव्हती. बा गेल्यापासून ती फिरतीवर जाऊ शकत नाही.

माय अंगणात होती. एका मेंढीचं पिल्लू मेलेलं, आणि एका कोकराची आई मेलेली. त्या दोघांना ती एकमेकांना लावत होती. तिनं चंचीतून मिठाचा खडा काढून तोंडात टाकला, चघळला, तळहातावर थुंकला आणि कोकराच्या पाठीवरून शेपटीपर्यंत चोळला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आधी ते, आठवण मागून आली. विहिरीच्या मागं, कोकरू माझ्या मांडीवर, मायच्या गालात फुगलेला खडा, "धर घट्ट, वरडू दिऊ नको," आणि नंतर माझा हात, ओला, खारट, आणि मी तो चाटला. ते सगळं माझ्याकडं होतंच. नुसतं दुसऱ्या कप्प्यात ठेवलेलं होतं. पारावरचा विजय एका बाजूला, मीठ एका बाजूला, आणि दोन्हींच्या मध्ये मी स्वतःच कुंपण घातलं होतं की कुणी घालून दिलं होतं, देव जाणे.

"माय," मी म्हणाले, "चांदीच्या वेळी पण असंच केलं व्हतंस."

ती कोकरू मेंढीच्या नाकासमोर धरून उभी होती. "केलं व्हतं."

"मग ती मेंढी आपली व्हती का?"

"मीठ लावलं त्ये खरं हाय."

"मेंढीचं इचारतेय मी."

"इतके दिस दुसऱ्याच्या कळपात राह्यली, कोकराला इसरली आसंल म्हणून लावलं."

"इतके दिस कुठं? आठ-दहा दिवस पण न्हवते!"

"तुला कावून पाहिजे आता त्ये?" मायचा आवाज चढला. "तेव्हा कोकरू मरत व्हतं, उशे. रातभर वरडायचं. तू बी वरडायचीस. दिसली मेंढी, आनली. चाट ग बाई, चाट," हे शेवटचं तिनं समोरच्या मेंढीला म्हटलं, आणि मेंढी चाटायला लागली.

मी कलीमला फोन केला. तो म्हणाला, "मीठ काढ. नाटकात मीठ नको. पत्रकात कुणी आपलीच चोरी छापतं का बे?" बरोबर होतं त्याचं. बापूंची माणसं आम्हाला चोर म्हणत होती आणि मी पारावर उभी राहून माझ्या आईला चोर ठरवणार होते, तेही ग्रामसभेच्या तोंडावर. पण मीठ काढलं तर मला ते नाटक करताच येत नव्हतं. मी एकटीच अंगणात तालीम करून बघितली. विहिरीमागून येते, कोकरू ठेवते, आणि पुढचं वाक्य तोंडातून निघत नाही. इतकी वर्षं निघत होतं, आता निघत नव्हतं. रागावून मी मायलाच विचारलं, तू सांग, ठेवू की काढू. मला वाटलं ती काढ म्हणेल आणि माझी सुटका होईल.

ती भाकरी करत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "ठिव. बायका हासतील तरी. तुझ्या नाटकात कुणी हासत न्हाई."

दिवस कलताना आम्ही पारावर सुरू केलं. गर्दी बरी होती. बापू आता म्हातारे झालेत, काठी लागते, पण ते स्वतः आले आणि पुढं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. "माझं नाटक हाय म्हणं," असं कुणाला तरी सांगत होते. दगडूमामा मागंच वारला होता. माय बायकांत, मागच्या बाजूला. मी विहिरीमागचा प्रसंग केला. चंची उघडली, खरंच खडा तोंडात टाकला, चघळला आणि घोंगडीच्या गुंडाळीला चोळला. मग बायकांना कळलं. आमच्यातल्या प्रत्येकीनं कधी ना कधी हे केलेलं होतं. एक हसली, दुसरी हसली, एकीनं मायच्या पाठीत धपका घातला, "आगं बया, तरीच!" कलीम मेंढी होऊन घोंगडी चाटत होता आणि त्यालाही हसू आवरत नव्हतं.

बापूंनी काठी वर केली.

"थांबा," ते म्हणाले. "म्हंजी ती मेंढी माझी व्हती तर."

हसणं बंद झालं. त्यांच्या मागून कुणीतरी ओरडलं, "घ्या! आपल्या तोंडानं कबूल!" मी तोंड उघडलं. माझ्याकडं कायम घोषणा तयार असते. त्या वेळी नव्हती. तोंडात नुसतं मीठ.

माय उठली. पदर डोक्यावरून नीट केला आणि बायकांतून वाट काढत पुढं आली, थेट बापूंच्या खुर्चीपर्यंत.

"तुमची आसंल तर घिऊन जावा बापू," ती म्हणाली. "ती न्हाई राह्यली, पर घरात दुसऱ्या हायेत. कंची बी निवडा, आत्ता सोडून देते. गायरान तेवढं ठिवून जावा."

पार हादरला. पोरं शिट्ट्या मारायला लागली, कलीमनं हलगी उचलून दोन टोले हाणले, आणि मला वाटलं, झालं. जिंकलो. मग बापूही हसले, अगदी मोकळं हसले, काठीवर भार देऊन उठले.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "ती तुमचीच व्हती. दगड्यानं मरायच्या आधी सांगितलं मला. आमची मेंढी कोकरासंगट लांडग्यानंच नेलती, त्यानं भीतीनं तुमची धरून आणली. तुमच्याकडं माझं काय येणं न्हाई. गायरानाचं ग्रामसभेत बोलू."

आणि गेले. कलीम माझा हात हलवत होता, "बुढ्ढ्यानं चोरी कबूल केली बे! भर पारावर! उद्याच छापू!" मी मान हलवली आणि मला काहीच कळत नव्हतं. माणूस चाळीसभर निवडणुका बघितलेला. मेंढी आपली म्हटली असती तर माय देऊन मोकळी झाली असती आणि गावासमोर त्याच्या गळ्यात गायरानाचा सौदा पडला असता. मेंढी तुमचीच म्हटल्यावर सौदाच संपला. तो खरं बोलला की नुसता निसटला? मरताना दगडूमामा खरंच बोलला? ज्याला मी प्रत्येक गोष्टीत मालकाच्या पायाशी बसवला, तो गडी हे ओझं घेऊन मेला असेल, तर माझ्या त्या सगळ्या गोष्टींचं काय करायचं? हे लिहिताना ठराव होऊन गेलाय, आमच्या बाजूनं झालाय, आणि तार अजून जागच्या जागी आहे. त्यावर मी पत्रक लिहिलं. ते एका बैठकीत लिहून झालं. हे प्रकरण मात्र कितव्यांदा फाडतेय.

त्या दिवशी आम्ही घरी आलो तर माय चुलीकडं गेलीच नाही. अंगणात दगडावर बसली, मिठाच्या दगडावर, आणि मेंढरं तिच्याभोवती येऊन तिचे हात हुंगायला लागली. तिनं चंची उघडली नाही.

"आपली व्हती म्हंतो त्यो," ती म्हणाली.

"खोटं बोलला आसंल, माय. राजकारणी माणूस हाय."

"आणि खरं आसंल तर?" ती माझ्याकडं बघत नव्हती. "मी तिला येकदा बी चांदी म्हणून हाक मारली न्हाई. माझ्या जिवाला वाटायचं, ही बापूंची हाय. डोळ्यासमोर नगं वाटायची. म्हणून इकली. दूध चांगलं द्यायची ती."

मी तिच्याजवळ खाली बसले. एक कोकरू माझा तळहात चाटायला लागलं, त्यावर नाटकातलं मीठ तसंच होतं.

"ती खरंच रुसली आसंल का गं?" मायनं विचारलं. "तू लिहितीस ना? सांग की."

आणि कार्यक्रमात प्रश्न विचारून झाल्यावर खाली न बसता उत्तराची वाट बघत उभी राहतात ती माणसं, तशी ती माझ्याकडं बघत राहिली.